राजवाड्याच्या चौकातलं घर: मापं, लाकूड आणि चतुःसीमा

इंदूरला राजवाड्याभोवतीच्या कुठल्याही जुन्या घराबद्दल विचारा, उत्तर ठरलेलं असतं: ‘होळकरांच्या वेळचं आहे.’ पण होळकरांची वेळ म्हणजे पहिल्या मल्हाररावांपासून १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन होईपर्यंतची दोनशेहून जास्त वर्षं. त्यातलं नेमकं कुठलं दशक, घर बांधलं कोणी आणि राहिलं कोण, हे तीन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरं वेगवेगळ्या जागी सापडतात. चौकाला लागून असलेल्या एका तीन मजली घराची नोंद आम्ही करत होतो, त्या कामाचा हा तपशील. तळमजल्याला दुकानं, वर भाडेकरू, मागच्या चौकात मालकांच्या एका शाखेचं बिऱ्हाड, अशी त्या घराची आजची मांडणी. घराचं नाव देत नाही. वाटणीचा दावा चालू आहे.

कामाचा क्रम ठरवून घेतला: आधी मापं, मग लाकूड आणि भिंती, कागद सगळ्यात शेवटी. बरेच लोक उलट करतात. आधी रजिस्ट्री मिळवतात आणि मग तिच्यात लिहिलेलंच घरात शोधत बसतात. कागदात मालक असतो, राहणारा क्वचितच. मालकाचं नाव एकदा डोक्यात बसलं की भिंतीवरचा धूरही त्याच्याच चुलीचा वाटायला लागतो.

परवानगीचं आधी बघावं लागतं. मालकांनी हो म्हटलं म्हणून भाडेकरूची खोली उघडत नाही. मध्यप्रदेशात जुन्या भाडेकरूंचे सगळे वाद १९६१ च्या स्थान नियंत्रण अधिनियमाखाली चालत आलेले. त्यामुळे हातात टेप घेतलेला माणूस दारात दिसला की भाडं वाढणार किंवा घर खाली करायला लावणार, असाच अर्थ लावतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. एक पानी पत्र करावं, मराठीत आणि हिंदीत. काय मोजणार, नकाशाची प्रत कोणाला मिळणार, आणि मालकी कोणाची यावर आम्ही काहीही लिहून देणार नाही, एवढंच त्यात असावं. प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळी प्रत द्यावी.

वेळेचंही तसंच. दर्शनी भाग सकाळी दुकानं उघडायच्या आत मोजून घ्यायचा. एकदा शटर वर गेलं की हस्तांना, म्हणजे सज्ज्याखालच्या आधारांना, कपडे आणि पिशव्या टांगल्या जातात आणि खांबांचे तळखडे मालाखाली गडप होतात. रंगपंचमीच्या आठवड्यात तर नावच घेऊ नये. गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, निघते तेव्हा रंगाचं पाणी पंपाने वरच्या मजल्यांपर्यंत जातं. राजवाड्याच्या दर्शनी भागाला अलीकडे ताडपत्रीनं झाकतात, आजूबाजूच्या घरांना कोण झाकणार! सज्ज्याच्या कोरीव कामाच्या खाचांत गुलाबी-हिरवा रंग बसलेला दिसतो, तो मूळचा रंग समजू नये. ओल्या कापसाच्या बोळ्यानं पुसून पाहावं. गेरीचा असेल तर बोळ्याला लागतो, तेलरंग लागत नाही.

मापांसाठी लागतं ते असं: तीस मीटरची पोलादी टेप, लेसर, ओळंबा, पाण्याची पारदर्शक नळी, आलेख-कागद, दोन रंगांची पेनं. फायबरची टेप ताणली की लांबते, लांब मापाला ती नको. लेसर खोल्यांमध्ये उत्तम चालतो. उघड्या चौकात उन्हात त्याचा ठिपकाच दिसत नाही, तिथे पलीकडच्या भिंतीला पांढरं पुठ्ठ्याचं कार्ड धरावं किंवा टेपच घ्यावी. खोलीखोलीची मापं घेऊन बेरीज करणं ही हमखास फसणारी पद्धत आहे, कारण प्रत्येक भिंतीशी पाव-अर्धा सेंटिमीटर चुकतो आणि सगळी चूक शेवटच्या खोलीत जमा होते. टेप एका टोकाला शून्यावर धरायची आणि दार, खिडकी, खांब सगळ्यांची मापं त्याच शून्यापासून चालती लिहायची. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण हवेतच. या घरांत काटकोन जवळपास नाहीत; कर्ण नसले तर नकाशा कागदावर चौकोनी दिसतो आणि मागच्या गल्लीत जाऊन हातभर बाहेर पडतो. दहा मीटरला एक सेंटिमीटरपर्यंतची तूट आम्ही चालवून घेतली, त्याहून जास्त आली की पुन्हा मोजणी.

पाण्याच्या नळीत बुडबुडा राहिला तर पातळी चुकते. नळी भरताना एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्या टोकानं ओढून घ्यायची आणि दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारख्या उंचीला येतं का ते आधी पाहायचं. नळी वापरायचं कारण असं की माळव्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात फूग आणि उन्हाळ्यात आक्रसण चालूच असते. जोतं काळ्या दगडाचं असलं तरी पाया उथळ असेल तर घराचा एखादा कोपरा बसतो. चौकाच्या चारी बाजूंच्या तळखड्यांची पातळी घेतली की कोणता कोपरा खाली गेला ते कळतं, आणि वरच्या मजल्याच्या दारांच्या चौकटी तिरक्या का, याचा उलगडा तिथेच होतो.

भिंतीची जाडी दोन तऱ्हांनी काढावी: दाराच्या उंबऱ्याशी प्रत्यक्ष, आणि बाहेरच्या मापातून आतलं माप वजा करून. दोन्ही जुळली तर ठीक. या घराच्या उत्तरेच्या भिंतीत ती जुळेनात; तफावत सव्वादोन फुटांची. भिंतीवर थापटलं तर मधला भाग पोकळ वाजतो, आणि वरच्या मजल्यावर नेमकं त्याच जागी जमिनीच्या फळ्या आखूड तुकड्यांच्या आहेत. बंद केलेला जिना. हे कुठल्याच कागदात नाही.

खणांचं अंतर लिहून काढलं की पुष्कळ उकलतं. खांब ते खांब हे माप या घरात सहा फुटांच्या आसपास सारखं चालतं, पण रस्त्याकडचा शेवटचा खण जेमतेम साडेतीन फुटांचा. कुठलाही जुना सुतार दर्शनी खण मुद्दाम लहान ठेवणार नाही, ठेवलाच तर मोठा ठेवील. म्हणजे पुढचा भाग रस्ता रुंदीकरणात कापला गेला आणि तोंड नव्यानं लावलं. अशा घराच्या दर्शनी भागावरून काळ ठरवायला जाणं व्यर्थ. आत दुसऱ्या ओळीच्या खांबांपाशी जावं.

काळ ठरवायला शेजारीच राजवाडा आहे, पण त्याचा वापर जपून करावा लागतो. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी, ही त्याची मांडणी सगळ्यांना ठाऊक असते. १८०१ मध्ये शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांच्या फौजेनं इंदूर लुटलं तेव्हा तो जळला. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदूरला आली आणि तिसऱ्या मल्हाररावांच्या कारकिर्दीत वाडा पुन्हा उभा राहिला. १८३४ मध्ये आग लागून वरचा भाग गेला, आणि १९८४ च्या दंगलीत मागची बाजू. मागचा भाग या शतकात दगड, वीट आणि चुना वापरून पुन्हा बांधला आहे, तेव्हा त्याच्या कमानींशी आपल्या घराची कमान ताडून पाहणाऱ्यांनी आधी आपण कुठल्या बाजूला उभे आहोत ते बघावं. मूळ मुद्दा १८१८ चा. अहिल्याबाईंचा कारभार महेश्वरहून चालत होता. इंदूर राजधानी झालं तेव्हाच फडणीस, कारकून, सरदार आणि सावकार यांना चौकाजवळ जागा हवीशी झाली. चौकातलं घर १८०१ च्या आधीचं आहे असं कोणी म्हणालं तर पुरावा म्हणणाऱ्यानं द्यायचा, असा आमचा नियम.

आणि जळकी तुळई म्हणजे पुरावा नव्हे. सागवानाची मोठी तुळई कोणी फेकत नसे. पडलेल्या घराची उतरवून नव्या घराला लावत. तिच्या अंगावर रिकाम्या खाचा शोधायच्या. आज जिथे कडी (वरच्या फळ्यांना आधार देणारं आडवं लाकूड) बसत नाही, खांब येत नाही, तिथे कुसवाची खाच असेल तर ते लाकूड दुसरीकडून आलेलं आहे. या घराच्या माजघरावरच्या एका तुळईला अशा तीन खाचा आहेत आणि एका बाजूला बोटभर कोळसा झालेला आहे. त्या बाजूची कडी मात्र कोरी, धुराचा डागही नाही. म्हणजे आग लागली ती या घरात नाही.

लाकडाची तपासणी डोळ्यांनी होत नाही. बिघाड बहुतेक तुळईच्या भिंतीतल्या टोकाला असतो, कारण ओल भिंतीतून येते आणि टोकाला हवा लागत नाही. बाहेरून दिसणारी तुळई धडधाकट असते. टोच्या घेऊन भिंतीच्या अगदी सांध्याशी दाबायचा. चांगल्या सागवानात तो नखभरही जात नाही, कुजलेल्यात बोटभर उतरतो. हातोडीच्या दांड्यानं टकटक करत जाताना आवाज खणखणीतवरून बद्द झाला की तिथे खडूनं खूण. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी, पिठासारखा भुगा असेल तर भुंगेरा. उपाय वेगळे आहेत म्हणून नोंदही वेगळी. भिंतीला बाहेरून सिमेंटचं प्लास्टर केलेलं असेल तिथे टोकं हटकून जास्त कुजलेली सापडतात, कारण चुन्याच्या भिंतीतून बाहेर पडणारी ओल अडते आणि लाकडाकडे वळते. ‘मजबुती’साठी केलेल्या या प्लास्टरनं आगीइतकंच नुकसान केलं असेल.

चुना की सिमेंट हे ओळखायला लोक ॲसिडचा थेंब टाकतात. तो दोन्हींवर फसफसतो. नखानं किंवा खिळ्यानं ओरखडा काढावा, तुकडा फोडून आत पांढऱ्या चुन्याच्या गाठी आणि विटेचा चुरा आहे का पाहावं. पोरबंदरचा देशी सिमेंट कारखाना १९१४ चा. त्याआधी सिमेंट विलायतेहून यायचं आणि घरगुती डागडुजीत कोणी वापरत नसे. त्यामुळे मूळच्या जोडणीत सिमेंट दिसलं तर ते बांधकाम विसाव्या शतकातलं धरायला हरकत नाही.

लोखंडाची साक्ष सगळ्यात चोख. खंडव्याहून इंदूरला रेल्वे १८७० च्या दशकात आली. दुसऱ्या तुकोजीरावांनी तिच्यासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. त्याआधी बैलगाडीवर पोलादी गर्डर आणून घर कोण बांधणार? गर्डरच्या पोटावर कारखान्याचं नाव उठलेलं असतं. चुन्याखाली ते दडलेलं असेल तर मऊ ब्रशनं घासून कागद लावायचा आणि वरून पेन्सिल फिरवायची, अक्षरं उमटतात. सज्ज्याखालच्या गर्डरवर ‘टाटा’ उमटलं. जमशेदपूरचं पोलाद १९१२ च्या आधीचं नाही, तेव्हा सज्जाही नाही. घरातले लोक त्या सज्ज्यावरून आजेसासूबाईंनी दसऱ्याची स्वारी पाहिल्याचं सांगतात. ते जमतं. खापरपणजोबांनी पाहिल्याचं मात्र जमत नाही.

राहणाऱ्यांच्या खुणा वेगळ्या प्रकारच्या. चुलीचा धूर तुळईवर रुंद आणि चिकट बसतो. देवघराच्या कोनाड्यातल्या समईचा अरुंद, वर निमुळता होत गेलेला. आज झोपायची खोली असलेल्या तीन खोल्यांत कड्या चिकट काळ्या आहेत आणि तिथल्याच कोपऱ्यात बुजवलेली मोरी आहे. एकाच घरात इतक्या चुली म्हणजे कोणे एके काळी इतकी बिऱ्हाडं. भावांच्या वाटण्या किंवा भाडेकरू, ते कागदानं ठरतं. तुळईतल्या लोखंडी कड्या मोजाव्यात. दोन-दोन जोडीनं, हात-दोन हात अंतरावर असतील तर झोपाळा; एकटी कडी, तीही आतल्या अंधाऱ्या खोलीत आणि झिजून पातळ झालेली, म्हणजे पाळणा. ती खोली बाळंतिणीची. त्याच खोलीला बाहेरून कडी आणि आतून आडणा, दोन्ही आहेत.

सराफ्याला लागून असलेल्या मागच्या खोलीत जमिनीच्या फळ्यांवर बारीक गोल डाग आहेत, ठिणग्या पडून जळालेले, आणि एका पट्ट्यात फळ्या बदललेल्या. सोनाराचा कारखाना होता हे सांगायला तेवढं पुरे. अशा खोलीतली धूळसुद्धा न्यारिये विकत घेतात, फळ्यांच्या फटीतलं सोनं काढायला जमीन उकलतात.

भिंतीवरच्या रंगाचे थर पाहायला कोपऱ्यात दोन-दोन सेंटिमीटरच्या पायऱ्या धारदार पात्यानं खरवडायच्या, प्रत्येक पायरीवर एक थर कमी. या घरात खालून वर पांढरा, निळीचा, पिवळा, पुन्हा निळीचा, मग तेलरंग. थरांची संख्या म्हणजे वर्षं असा हिशेब करू नये. दिवाळीला चुना काढायची रीत असली तरी सुतकाच्या वर्षी काढत नाहीत, आणि भाडेकरू खर्च टाळतात. दोन खोल्यांतले थर मात्र एकमेकांशी ताडायचे. पार्टिशनच्या भिंतीवर वरचे दोनच थर असतील तर ती भिंत त्या दोन थरांइतकीच जुनी.

आता कागद. होळकरशाहीतले जुने कागद मोडीत आहेत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत, रेघ आधी ओढून अक्षरं खाली लटकवलेली. वाचणारा मिळाला तरी तारीख आपण तपासावी. सुहूर सन ही मराठी कागदांतली जुनी कालगणना अरबी आकड्यांच्या शब्दांत येते: ‘इहिदे समानीन मया व अलफ’ म्हणजे एक, ऐंशी, शंभर आणि हजार, ११८१. त्यात ५९९ मिळवायचे आणि वर्ष मृगापासून धरायचं. जून १७८० ते जून १७८१. शकात ७८ मिळवायचे, संवतातून ५७ वजा करायचे. फसली या महसुली सनात दक्षिणेचा आणि उत्तरेचा हिशेब दोन-तीन वर्षांनी वेगळा पडतो आणि इंदूर मधोमध, म्हणून त्याच कागदात दुसरी तिथी किंवा कारकीर्द मिळेपर्यंत फसलीचं इसवी सनात रूपांतर लिहून टाकू नये.

कारकीर्दही फसवते. ‘श्रीमंत तुकोजीराव’ तीन: पहिले १७९७ मध्ये वारले, दुसऱ्यांची कारकीर्द १८४४ ते १८८६, तिसऱ्यांची १९०३ ते १९२६. यशवंतराव दोन. सरदारांच्या घरांत तर नातवाला आजोबांचं नाव, त्यात दत्तक. दत्तकानं बापाचं नावही बदलतं. वंशावळ काढताना प्रत्येक नावाशेजारी एखादी तारखेची घटना नसेल तर दोन माणसं एक होतात किंवा एकाची दोन.

सगळ्यात श्रीमंत कागद म्हणजे वाटणीपत्र. विक्रीखत ‘इमारत सहित जमीन’ एवढ्यात आटपतं. वाटणीपत्रात खण मोजलेले असतात, जिन्याचा सामाईक हक्क असतो, विहिरीचं पाणी, न्हाणी, देवघरात पूजेची पाळी, आणि विधवा काकूंना ‘हयातीपर्यंत’ राहायला दिलेली खोली. ती खोली नकाशावर सापडते. मोजमाप आधी केल्याचा फायदा इथे मिळतो. बंद जिन्याचाही मग अर्थ लागला. वाटणीत वरचा मजला दुसऱ्या शाखेकडे गेला, त्यांनी गल्लीतून वेगळा जिना घेतला.

ज्याचा कागद हरवला आहे त्याच्यासाठी शेजाऱ्याचा कागद शोधायचा. प्रत्येक खतात चतुःसीमा असते: पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस सरकारी रस्ता, दक्षिणेस तमक्याचं, उत्तरेस अमुक मंदिराचा वाडा. आपल्या घराच्या चारही शेजाऱ्यांची खतं मिळवली की त्यांच्या सीमेत आपलं घर दर पिढीला कोणाच्या नावानं ओळखलं जात होतं ते कळतं. गंमत अशी की चतुःसीमेत बरेचदा मालकाऐवजी राहणाऱ्याचं नाव येतं, कारण लिहिणारा लोक म्हणतात ते लिहितो. आमच्या घराचा मालक एक आणि दोन शेजाऱ्यांच्या खतांत घर ओळखलं जातं एका वैद्यांच्या नावानं. वैद्य भाडेकरू होते. दक्षिणेच्या खोलीत भिंतीत कोरलेले लहान-लहान कोनाडे ओळीनं आहेत, त्यांचं काय करायचं ते मोजताना कळेना. औषधाच्या बरण्यांचे असावेत, असं आता नोंदीत आहे. ‘असावेत’ हा शब्द खोडायचा नाही.

नगरपालिका १८७० ची असली तरी घरनंबर बदलत गेले आहेत. खतातला जुना नंबर आणि आजचा नंबर यांचा मेळ करभरणा रजिस्टरातून घालावा लागतो. दारावर जुनी पत्र्याची पाटी राहिली असेल तर तिचा फोटो आधी घ्यावा, रंगकाम निघालं की ती जाते. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांचा इंदूर दरबारसाठीचा अहवाल १९१८ चा. जुन्या वस्तीतून सरळ रस्ते कापू नयेत, घरं शक्य तितकी राखून मोकळ्या जागा साधाव्यात, असं ते सांगत होते. आमच्या घराचा कापलेला खण पाहिला की त्यांचं किती ऐकलं ते दिसतंच. जुनी छायाचित्रंही पाहावीत. लाला दीनदयाळ इंदुरात बांधकाम खात्यात आरेखक होते, १८७० च्या दशकात त्यांनी इथेच कॅमेरा हातात घेतला. चौकाच्या कुठल्याही जुन्या फोटोत आपलं घर शोधताना कोरीव कामाकडे न पाहता सज्ज्याचे हस्त मोजावेत. ते मोजण्याइतके स्पष्ट राहतात.

मराठी कुटुंबं मूळची दक्षिणेतून आलेली, त्यामुळे नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या उपयोगी पडतात. तिथे आडनाव पुरत नाही, मूळ गाव सांगावं लागतं, कारण उपाध्ये गावांवर वाटलेले असतात. वहीत आलेल्यानं स्वतःच्या हातानं नावं लिहिलेली असतात, सोबतच्या बायकांचीसुद्धा. घरातल्या बायकांची नावं आम्हाला वाटणीपत्राबाहेर मिळाली ती तिथेच.

नोंद लिहिताना प्रत्येक विधानाशेजारी एक अक्षर ठेवलं आहे: ‘प’ म्हणजे पाहिलं, ‘क’ म्हणजे कागदात, ‘ऐ’ म्हणजे ऐकीव. नकाशे पन्नासाला एक या प्रमाणात, खांब-हस्ताचे तपशील दहाला एक. एक संच मालकांकडे, एक भाडेकरूंकडे. हयात माणसांची नावं दोन्ही संचांत नाहीत. खोल्यांना फक्त क्रमांक आहेत.